गाडीखाली जाण्याआधी



मागच्या महिन्यात माझा पुतण्या घरी आला. मुलगा तिशीतला, नोकरी बैठी, आणि नुकतीच त्याने एमएच-१७ पासिंगची एक जुनी चारचाकी घेतलेली. चहा होईस्तोवर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "काका, गाडीची बारीकसारीक कामं आता घरीच करायची ठरवलंय. हत्यारांची यादी केलीय. एकदा नजर टाका."

यादी चांगली लांबलचक होती. एकशे आठ नगांची पान्यांची पेटी, हवेवर चालणारी नट खोलायची गन, तिच्यासाठी कॉम्प्रेसर, भिंतीला लावायचा भोकाभोकांचा बोर्ड, खणाखणांची लाल ट्रॉली, गाडीखाली सरकायला चाकं लावलेली फळी. मी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "गाडी उचलल्यावर ठेवणार कशावर?"

"जॅक आहे ना काका. गाडीबरोबरच आलाय."

मी चष्मा काढून ठेवला. त्याला म्हटलं, यादी तशीच राहू दे, एक रुपया खर्च करू नकोस, रविवारी सकाळी मोकळा ये. त्या रविवारी आमचं जे बोलणं झालं, तेच आज जरा नीट लावून तुमच्यापुढे ठेवतो आहे.

मी कोण हे सांगायला हवं. एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात मी फिटर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. ट्रॅक्टर, जीप, मालमोटारी, साहेबांच्या मोटारी, सगळं हाताखालून गेलं. पुस्तकी ज्ञान थोडं, हाताला तेल मात्र भरपूर लागलेलं आहे.

आपल्या भागाला हत्यारांचं वेड तसं जुनंच. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली. आपल्या गावाचं नाव श्रीरामपूर आणि स्टेशनचं बेलापूर, यावरून मुंबईचे पाहुणे नेहमी घोळ घालतात, तो विषय वेगळा. पुढे प्रवरेच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. हरेगाव, टिळकनगर, नंतर सहकारातले प्रवरानगर आणि अशोकनगर. कारखाना आला की त्याचं वर्कशॉप आलं. लेथ, भाता, वेल्डिंग आलं. हंगामात यंत्र बंद पडलं तर मुंबईहून माणूस येईपर्यंत थांबायची सोय नव्हती, म्हणून इथल्याच पोरांनी हात काळे केले आणि शिकली. बागायतदाराच्या दारात ट्रॅक्टर आला, मग जीप किंवा फियाट आली, आणि प्रत्येक घरी खाटेखाली एक पत्र्याचा डबा आला. त्यात पाने, पक्कड, दोन हातोड्या, एक छन्नी आणि कुठल्या तरी यंत्राचा कुणालाच न ओळखू येणारा एक भाग.

तुमच्याही घरी असा डबा असेल तर नवीन काही घेण्याआधी तो बाहेर काढा. गोणपाटावर सगळं ओता. त्यात दोन जातींचे पाने निघतील. जुनी जीप मूळची अमेरिकन, तिचे नट इंचात. ॲम्बेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस, तीही इंचात. कुर्ल्याला बनणारी फियाट इटालियन कुळातली, तिचं सगळं मिलिमीटरमध्ये. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली ती जपानी, तीही मिलिमीटरवाली. आता गंमत पाहा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटाला तेराचा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो. तीन दशांश मिलिमीटरची फट राहते आणि जोर लावला की पाना निसटतो, नटाचे कोपरे झिजतात, आणि तुमच्या बोटांची सालं रेडिएटरवर जातात. आजोबांच्या डब्यातले इंचातले पाने वेगळे बांधून ठेवा. टाकू नका, ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला लागतील. पण नव्या गाडीला ते लावू नका.

'घरचं गॅरेज' हा शब्दच मुळात आपला नव्हे. आपल्याकडे गॅरेज म्हणजे नेवासा रोडला किंवा संगमनेर रोडला मिस्त्रीचं दुकान. घरी असते ती पडवी, पोर्च, नाहीतर पूर्वीच्या गोठ्यावर पत्रे टाकून केलेली शेड. पुतण्याची गाडीही अशाच शेडमध्ये उभी राहते. दोन बाजूंना भिंत, वर पत्रा, खाली जमीन. आणि जमीन म्हणजे आपली काळी माती.

या मातीत ऊस सोन्यासारखा येतो, पण गाडी उचलायला तिच्यासारखी वैरीण नाही. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती शहाबादी टाकली तर दोन पावसाळ्यांत फरशीखाली पोकळी होते. वर माणूस चालला तर काही कळत नाही. पण जॅकचा तळवा जेमतेम हाताच्या पंजाएवढा, आणि गाडीचा एक कोपरा उचलायचा म्हटलं तरी सगळा भार त्या पंजावर येतो. फरशी कडकन फुटते. म्हणून पुतण्याच्या यादीत मी पहिली वस्तू लिहिली ती मुरूम. फूटभर काळी माती काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसाने ठोकायचा, आणि वर चार इंचांचं काँक्रीट. उतार पाणी जाण्यापुरता, अगदी नावाला. ज्याला हे जमणार नाही, जो सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर गाडी लावतो, त्याने निदान दीड-दोन इंच जाडीची, दीड-दोन फूट लांबीरुंदीची सागाची किंवा बाभळीची फळी जॅकखाली घ्यावी. आणि मऊ जमिनीवर गाडीखाली जाण्याचं काम काढूच नये. टायर बदलणं वेगळं, गाडीखाली झोपणं वेगळं.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. कारखान्यात माझ्या हाताखालच्या पोरांना मी ती कधी सांगितली नव्हती, कारण लाज वाटायची.

१९८८ सालचा मे महिना. हंगाम संपलेला, हाताशी वेळ होता. मेहुण्याची जीप घरी आणली होती, मागच्या पाट्याचं बुश बदलायला. अंगणात उभी केली. चाक काढलं. बाटलीसारखा उभा हायड्रॉलिक जॅक चेसिसखाली लावला, पण उंची कमी पडत होती. म्हणून जॅकखाली वीट घेतली. पक्की भाजलेली, चांगली लाल वीट. कारखान्यात मी असं कुणाला करू दिलं नसतं. पण घरी माणूस स्वतःला सूट देतो.

आमचे जुने फोरमन, मी नवीन असताना, एका गोष्टीवरून फार चिडत. काढलेलं चाक कुणी भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं की तोंडाचा पट्टा सुटे. चाक काढलं की ते आडवं करून गाडीच्या चेसिसखाली सारायचं, ही त्यांची सक्ती. इतकी वर्षं तसं करून हाताला सवय लागलेली. त्या दिवशीही, काही विचार न करता, मी ते चाक खाली सारलं आणि मग उताणा झोपून पाट्याची पिन हातोडीने ठोकायला लागलो.

पिन गंजलेली. एक घाव, दोन घाव, दहा घाव. प्रत्येक घावाचा हादरा चेसिसमधून जॅकला, जॅकमधून विटेला. विटेचं असं असतं की भिंतीत ती शंभर वर्षं भार सोसते, कारण भार सगळ्या अंगावर पसरलेला असतो. एका ठिकाणी टोचलं की ती वाकत नाही, कुरकुरत नाही, इशारा देत नाही. एकदम फुटते. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही तसेच. मला आवाज ऐकू आला तो वीट फुटल्याचा की जॅक उडाल्याचा, हे आजही सांगता येणार नाही. जीप खाली आली आणि चाकावर बसली. माझा डावा हात चेसिस आणि टायर यांच्यामध्ये होता. टायरचं रबर दबलं म्हणून हात हाताच्या आकारात राहिला. मनगटाच्या वर हाड मोडलं. चाक नसतं तर ती जीप कुठे बसली असती हे तुमचं तुम्हीच समजा. माझी छाती तिथून वीतभर अंतरावर होती.

पुढची अडचण ऐका. घरात जॅक एकच, आणि तोही जीपखाली तिरपा अडकलेला. गल्लीतले चार जण धावून आले. एकाने गोठ्यातून पहार आणली, दुसऱ्याने घराच्या कामासाठी आणलेली बल्ली. दगडाचा टेकू देऊन त्यांनी जीप इंचभर उचलली तेव्हा हात सुटला. तोवर आई माझ्या डोक्यापाशी बसून पदराने वारा घालत होती आणि काहीच बोलत नव्हती. दोन महिने प्लास्टर होतं. त्यानंतर जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मी हातसुद्धा घातलेला नाही.

जॅक हे उचलायचं साधन आहे. त्यावर गाडी ठेवायची नसते. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार एका रबरी सीलच्या भरवशावर असतो. ते कधी गळेल ते सांगून गळत नाही. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक रस्त्यावर टायर बदलण्यापुरता असतो, त्याला बाजूचा धक्का सोसत नाही. म्हणून काँक्रीटनंतरची वस्तू म्हणजे लोखंडी स्टँडची जोडी. काही मिस्त्री त्याला घोडी म्हणतात. तीन किंवा चार पायांचा, मधली दांडी वरखाली होणारा. दांडी अडकवायला आरपार पिन असलेला घ्या, तो मला जास्त विश्वासाचा वाटतो. त्यावर किती टनांचा हे लिहिलेलं असतं. छोट्या गाडीचं वजन आठशे ते हजार किलो. तरी जोडी दोन-तीन टनांची घ्यावी. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही तो स्टँड, कितीही स्वस्त असला तरी, दुकानातच राहू द्यावा.

लावायची पद्धत सांगतो, ती तेवढी लक्षात ठेवा. सपाट जागा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बहुतेक छोट्या गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मागची बाजू उचलली की तो ब्रेक हवेत! म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी पाचर किंवा दगड लावायचाच. घाटात मालमोटार थांबली की क्लीनर आधी उडी मारून दगड लावतो ना, तसा. जॅक कुठे लावायचा हे गाडीच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं. दाराच्या उंबऱ्याखाली पत्र्याची एक दुमड असते, तिच्यावर पुढे आणि मागे खाचा असतात, त्या खाचांमधली जागा. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. गाडी स्टँडवर उतरवली की जॅक काढून फेकू नका, हलका टेकलेला राहू द्या. काढलेलं चाक किंवा स्टेपनी खाली सारा. आणि मग खांद्याने गाडीला चांगला धक्का द्या. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

स्टेपनीवरून आठवलं. हा शब्द आपण इतका घरचा केलाय, पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याचा. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनवून विकायला लागले. त्यांच्याकडे तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र अजून पंक्चरवालासुद्धा स्टेपनीच म्हणतो.

आता पाने. पुतण्याची एकशे आठ नगांची पेटी मी खोडली. अशा पेटीत साठ नग असे असतात की जन्मात लागत नाहीत, आणि जो लागतो तो नेमका मऊ लोखंडाचा निघतो. मारुतीपासून पुढच्या बहुतेक गाड्यांची कामं मोजक्या मापांत उरकतात. दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीस. काहींना आठ आणि तेरा लागतो. तर आठपासून एकोणीसपर्यंतचे रिंग पाने, त्याच मापांचे तोंड-उघडे म्हणजे फिक्स पाने, आणि अर्ध्या इंचाच्या दांड्यावर बसणाऱ्या गोट्या. गोट्या म्हणजे सॉकेट. आमच्याकडे सॉकेट म्हटलं तर पोरं विजेच्या बोर्डाकडे बघायची. गोटी सहा कोनी घ्यावी. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते खरी, पण गंजलेल्या नटाचे कोपरे खाते.

फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळीकडून. म्हणून घट्ट नट आधी रिंगने मोकळा करायचा आणि मग फिक्स पान्याने भराभर काढायचा. नवशिका नेमका उलटं करतो. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलावाच लागला तर मूठ उघडी ठेवून तळव्याने ढकलावा, म्हणजे निसटला तरी बोटांची हाडं वाचतात. तो पुढेमागे होणारा पाना, ज्याचा जबडा स्क्रूने सरकतो, तो नळाच्या कामाला ठेवा. गाडीजवळ आणू नका. माझ्या पाहण्यात जेवढे नट गोल झाले त्यातले निम्मे तरी त्याच्याच नावावर आहेत.

हत्यार कुठलं घ्यावं असं लोक विचारतात. टपारियाचा कारखाना आपल्या शेजारच्या नाशिकला, सातपूरला आहे. पंजाबात जालंदर तर हत्यारांसाठीच प्रसिद्ध. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असा ठसा पाहा, पण नुसत्या ठशावर जाऊ नका, ठसा कुणीही मारतं. जबड्याच्या आतल्या कडा सरळ आहेत का, दोन बाजू समांतर आहेत का, हे बोट फिरवून कळतं. पूर्वी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून वापरलेले पाने आणायचो. विलायती बनावटीचा, कुणाच्या तरी मरणानंतर विकायला आलेला पाना हाती लागला की एसटीच्या परतीच्या प्रवासात दहादा काढून बघायचो. असो.

बाकीचं भराभर सांगतो. दोन चपटे आणि दोन फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, लांब चोचीची पक्कड, ॲलन कीचा जुडगा, पाऊण किलोची हातोडी आणि एक रबरी हातोडी, प्लग पाना, तारेचा ब्रश, नरसाळं, तेल धरायला पसरट घमेलं, हवेचं प्रेशर बघायचा गेज. गंजलेल्या नटासाठी बाजारात फवारा मिळतो. आम्ही रॉकेल-डिझेल लावून रात्रभर ठेवायचो. त्यानेही होतं, फक्त धीर लागतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गाडीखालून वर बघताना पडणारी गंज थेट डोळ्यात येते. चाकं लावलेली फळी नको. ओबडधोबड जमिनीवर ती अडकते. सिमेंटच्या गोणीचं प्लास्टिक आणि वर जुनी सतरंजी, एवढं पुरे.

एका वस्तूला मात्र मी स्वतःहून यादीत जागा दिली. ती म्हणजे टॉर्क रेंच. नट किती आवळला हे मोजणारा पाना. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही तर हाताच्या अंदाजानेच आवळता." त्याला मी माझ्या पहिल्या मारुतीची हकीकत सांगितली. इंजिन ऑईल बदललं, चेंबरचा नट आवळला, आणि मनात शंका नको म्हणून पान्याला पाईप लावून अजून पाव फेरी दिली. पुढच्या वेळी नट बाहेर आला तो आट्यांसकट. चेंबर उतरवावं लागलं. इतकी वर्षं ट्रॅक्टरचे नट आवळलेला हात. त्याला मोटारीच्या पातळ चेंबरचा अंदाज कुठून असणार? आवळण्याचं माप समजायला सोपं आहे. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला वीस किलोचं वजन टांगलं की जेवढा पीळ बसतो, तो साधारण शंभर न्यूटन-मीटर. छोट्या गाड्यांच्या चाकांचे नट साधारण ऐंशी ते एकशे दहाच्या घरात आवळतात, चेंबरचा नट त्याच्या निम्म्याहूनही कमी. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातून घ्यायचा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, आणि शेवटचं आवळणंही जमिनीवरच, समोरासमोरचे नट घेत. एका कडेने गोल फिरत गेलात तर चाक तिरकं बसतं.

विजेच्या कामाला एक साधा मल्टिमीटर आणि बारा व्होल्टचा टेस्टर दिवा. बॅटरी काढताना आधी उणेची, म्हणजे काळी वायर काढायची आणि लावताना ती सगळ्यात शेवटी लावायची. कारण गाडीचा सगळा सांगाडा उणेला जोडलेला असतो. आधी अधिकची वायर खोलायला गेलात आणि पाना चुकून बॉनेटच्या पत्र्याला टेकला तर बॅटरीची सगळी ताकद त्या पान्यातून जाते. पाना लाल होतो. बोटात अंगठी, मनगटात स्टीलचं कडं असेल तर काढून खिशात ठेवा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा विडी-सिगारेट लांब. उजेडासाठी दोनशे तीस व्होल्टचा बल्ब वायरला लोंबकळत ठेवू नका. तो फुटला आणि खाली पेट्रोल सांडलेलं असलं तर पुढचं सांगायला नको. चार्जिंगचा एलईडी दिवा घ्या. वीज गेली तरी चालतो.

पुतण्याला यंत्रणेचे दोष वाचणारं छोटं यंत्र हवं होतं. हरकत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक जागा असते, तिथे ते लावलं की इंजिनाचा दिवा का लागला त्याचा क्रमांक मिळतो. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. तापमापक ताप सांगतो, मलेरिया की टायफॉईड हे सांगत नाही. लोक क्रमांक बघून सेन्सर बदलतात आणि दोष असतो उंदराने कुरतडलेल्या वायरीत. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर थेट बॉनेटमध्ये मुक्कामाला येतात, हे सांगायला यंत्र लागत नाही.

मग घरी काय करावं? इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, प्लग, वायपर, बल्ब, बॅटरी, चाकांची अदलाबदल. ब्रेकची पॅडं किती झिजली हे चाक काढून बघावं जरूर. पण ती बदलायला पहिल्या दोन-तीन वेळा जाणत्या माणसाला शेजारी बसवावं. ब्रेक चुकला तर त्याची किंमत रस्त्यावरचा दुसराच कुणीतरी मोजतो. एअरबॅग, एसीचा गॅस, सीएनजीचं किट, पेट्रोलची प्रेशरची लाईन, यांना हात नको. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी रंगाच्या जाड वायरींना तर अजिबात नको. तिथे शेकडो व्होल्ट असतात. रेडिएटरचं झाकण इंजिन गरम असताना उघडायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, पण तोंड भाजलेली दोन माणसं मी स्वतः दवाखान्यात नेली आहेत.

शेडचं दार लावून इंजिन चालू ठेवू नका. धुराड्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस तिथेच बसतो. हिवाळ्यातल्या सकाळी गार वारा नको म्हणून दार ओढून घेण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवा. कोपऱ्यात पावडरीचं छोटं अग्निशामक आणि वाळूची बादली असू द्या. तेलाच्या चिंध्यांचा ढीग साठवू नका.

काढलेलं काळं तेल कालव्याकडे जाणाऱ्या गटारीत ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याच कालव्याचं पाणी आपण उसाला देतो. वाळवी लागू नये म्हणून ते तेल लाकडाला फासायची आपली जुनी रीत. तीही आता सोडावी. कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडे द्या. त्यांच्याकडे पिंप असतं, ते तेल गोळा करून नेणारे येतात.

मिस्त्रीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. घरी हत्यारं आणली म्हणजे मिस्त्रीशी फारकत झाली असं समजू नका. पुतण्याला मी सांगितलं, तुझ्या मिस्त्रीकडे एक दिवस सुट्टी टाकून जा, स्टुलावर बस आणि बघ. तो कुठला पाना आधी उचलतो, काढलेले नट कुठे ठेवतो, कुठल्या आवाजाला थांबतो. आमच्याकडचे चांगले मिस्त्री नट ताटलीत ठेवतात आणि ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. हे पाहिलेलं मोबाईलवरच्या व्हिडिओत दिसत नाही, कारण तिथे नट शोधण्यात गेलेला वेळ कापून टाकलेला असतो. चांगला मिस्त्री शिकायला येणाऱ्याला हाकलत नाही. चहा सांगतो आणि दिवा धरायला लावतो. नीट दिवा धरता येणं हीच त्या कामातली पहिली इयत्ता.

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून यादी पुन्हा लिहिली. कॉम्प्रेसर, गन, ट्रॉली, बोर्ड गेले. वर आलं ते मुरूम आणि सिमेंट, मग दोन टनी ट्रॉली जॅक, स्टँडची जोडी, चार लाकडी पाचरी. त्याखाली पाने. मूळ यादीच्या निम्म्याहून कमी खर्चात बसलं, आणि गाडीबरोबर आलेला जॅक दुसरा जॅक म्हणून शिल्लक राहिला. घरात दोन जॅक का हवेत ते मी त्याला सांगितलं. शर्टाची डावी बाही वर करून मनगटावरचं दाखवलंही. तो काही बोलला नाही. "आजी तेव्हा तिथंच होती?" एवढंच त्याने विचारलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या शेडमध्ये काँक्रीट पडलं. सूनबाई सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारते आहे. गाडी अजून बाहेर लिंबाखाली उभी आहे. महिनाभर तरी आत घ्यायची नाही असं मी बजावलंय. पोराला धीर निघत नाही, म्हणून माझा रिंग पान्यांचा जुना डबा त्याला दिलाय, रॉकेलमध्ये भिजवून गंज काढायला. बावीस पाने आहेत. काल फोन आला होता, "काका, यातला एक इंचातला निघाला."